‘फाट, काळजा, फाट एकदाचं’ : हे वाक्य नक्की कुणाचं?

तिसरी_घंटा

गेले काही दिवस ‘किंग लिअर’च्या शेवटच्या दीड पानात अडकून पडलोय. प्रश्न एका ओळीचा आहे, पण ती ओळ डोक्यातून जाईना, म्हणून धागाच काढतो.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल, तरी उजळणी. ऐंशी उलटलेला राजा तीन मुलींत राज्य वाटायला बसतो आणि विचारतो, माझ्यावर सगळ्यांत जास्त जीव कुणाचा? थोरल्या दोघी, गॉनरिल आणि रीगन, तोंडभरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, ‘काही नाही, महाराज.’ तो तिला हाकलतो. तिची बाजू घेणाऱ्या केंट सरदारालाही हद्दपार करतो. केंट जात नाही, वेष पालटून त्याच राजाकडे नोकर म्हणून राहतो. पुढे थोरल्या मुली बापाला दारं बंद करतात, तो वादळात भटकतो, त्याला वेड लागतं. धाकटी फौज घेऊन येते, हरते, बापलेक कैद होतात. तिला तुरुंगात फास देतात आणि म्हातारा तिचं प्रेत हातांवर घेऊन रंगमंचावर येतो.

तो आरसा मागतो, तिच्या श्वासाने धुकटतो का बघायला. मग पीस धरतो. ‘पीस हललं! जिवंत आहे ती!’ मग नाही. ‘कुत्र्याला, घोड्याला, उंदराला जीव आहे आणि तुला श्वाससुद्धा नाही?’ (भाषांतरं सगळी माझीच, ओबडधोबड आहेत, सांभाळून घ्या.) मग तो मरतो आणि त्याच सुमारास कुणीतरी म्हणतं, ‘फाट, काळजा, फाट एकदाचं.’

कुणीतरी म्हणतं असं मुद्दाम लिहिलं. कारण या नाटकाच्या दोन जुन्या प्रती आहेत. १६०८ची क्वार्टो, म्हणजे छोटेखानी सुटी आवृत्ती. आणि १६२३चा फोलिओ, म्हणजे शेक्सपिअर गेल्यावर सात वर्षांनी निघालेला त्याच्या नाटकांचा जाडजूड संग्रह. क्वार्टोत ही ओळ लिअरच्या तोंडी आहे. त्याचे ते शेवटचे शब्द. फोलिओत हीच ओळ केंटच्या तोंडी आहे. राजा आधी जातो आणि बघणारा म्हातारा नोकर हे म्हणतो.

छापखान्यातल्या कुणाची चूक असेल, की नाटककारानेच बदल केला असेल, यावर विद्वानांचे वाद चालतात, चालू देत. मला प्रेक्षक म्हणून फरक कळतो. पहिल्या प्रतीत दुःख ज्याचं आहे तोच मरण मागतो. हा निराशेचा शेवट. दुसऱ्या प्रतीत लिअर मरताना वेगळंच बोलतो: ‘हे दिसतंय का? बघा तिच्याकडे, तिचे ओठ बघा, तिकडे बघा, तिकडे बघा...’ म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय. ए. सी. ब्रॅडली नावाच्या समीक्षकाने १९०४मध्ये मांडलं की लिअर दुःखाने नाही, आनंदाने मरतो. मुलगी जिवंत आहे असं त्याला वाटलं, तो आनंद झेपला नाही. खरं धरलं तर निराशा लिअरच्या वाट्याला येतच नाही. ती केंटच्या वाट्याला येते, ज्याला नीट दिसतंय की पोरगी मेलेली आहे. आणि आपल्या.

मला फोलिओ जास्त क्रूर वाटतो. तुम्हाला?

शेवटची_रांग

धागा आवडला. पण तुमच्या मताला माझा विरोध. फोलिओत निदान लिअर सुटला ना? भ्रमात का होईना, समाधानाने गेला. क्वार्टोत त्या म्हाताऱ्याला काहीच नाही. ‘कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही’ म्हणतो, नुसतं कण्हतो आणि काळजाला फाट म्हणतो. याहून क्रूर काय?

अवांतर: ते ‘कधीच नाही’ क्वार्टोत तीनदा आहे आणि फोलिओत पाचदा. एका ओळीत एकच शब्द पाचदा लिहायची छाती पाहिजे. आमच्याकडे कुणी नाटककाराने असं लिहून आणलं असतं तर दिग्दर्शकाने चार कापले असते.

तिसरी_घंटा

:) कापले असते खरे.

‘सुटला’ हा शब्द तुम्ही वापरलात. केंटही तेच म्हणतो. एडगर नावाचा तरुण सरदार राजाला शुद्धीवर आणू बघतो, तेव्हा केंट म्हणतो की त्याला त्रास देऊ नका, जाऊ द्या. या कठोर जगाच्या यंत्रावर त्याला अजून ताणणारा त्याचा वैरी. यंत्र म्हणजे माणसाला ताणून हाडं निखळवायचं ते छळाचं यंत्र. पण बघा, सुटका कुणाची झाली? केंट तिथेच उभा आहे. आणि त्या केंटचं काय झालंय ते आपण विसरतो. अख्खं नाटकभर तो वेष पालटून सेवा करतोय, एका क्षणाची वाट बघत, की शेवटी सांगेन, महाराज, तो तुमचा नोकर मीच. तो क्षण येतो. तो सांगतो. लिअर अर्धवट भानावर आहे. त्या नोकराचं नाव काढल्यावर म्हणतो, ‘चांगला होता तो पोरगा. मेला, कुजलासुद्धा.’ केंट म्हणतो, नाही महाराज, तो मीच. लिअर म्हणतो, ‘बघतो हं मी ते.’ संपलं. ओळख पटलीच नाही म्हणा ना.

त्यानंतर पाच मिनिटांत हा माणूस म्हणतो, फाट काळजा. आता सांगा ओळ कुणाची.

पाटीपेन्सिल

बाप रे. केंटचं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मी नेहमी लिअरकडेच बघत राहिले.

रात्रपाळी

पेशाने हृदयरोगतज्ज्ञ, म्हणून खाज आवरत नाही. काळीज फाटणं ही नुसती म्हण नाही. १९९०मध्ये जपानी डॉक्टरांनी एक आजार नोंदवला. मोठा मानसिक धक्का बसल्यावर हृदयाचा डावा कप्पा टोकाला फुग्यासारखा फुगतो आणि वर अरुंद राहतो. छातीत दुखतं, दम लागतो, ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो, पण अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या मोकळ्या. आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा, म्हणून नाव ताकोत्सुबो. जपानीत त्या मडक्याला तेच म्हणतात.

दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक, बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. म्हणजे काळीज फाटतं आणि सांधतंही, नाटककारांना हे सोयीचं नाही. दोन, काही थोड्या रुग्णांत कारण दुःख नसतं, आनंद असतो. घरातलं लग्न, वाढदिवसाची अचानक मेजवानी वगैरे. त्यामुळे ब्रॅडलीसाहेबांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या अगदीच हवेतलं नाही. बाकी हे दुखणं मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांचं आहे, तेव्हा लिअरचं निदान मी इथे बसून करणार नाही.

तिसरी_घंटा

डॉक्टर, तुम्ही अनवधानाने नाटकातलंच दुसरं पात्र सांगितलंत! ग्लॉस्टर. उपकथानकातला म्हातारा सरदार. अनौरस मुलगा एडमंडच्या थापांना भुलून त्याने चांगल्या मुलाला, एडगरला, घराबाहेर काढलंय. पुढे रीगन आणि तिचा नवरा त्याचे डोळे काढतात. आंधळ्या बापाला एडगर वेषांतर करून सांभाळतो आणि अगदी शेवटी सांगतो, मी तुमचा मुलगा. ग्लॉस्टर तिथेच जातो. एडगर त्याचं वर्णन असं करतो: आधीच तडा गेलेलं काळीज, आनंद आणि शोक यांच्या ओढाताणीत टिकलं नाही, ‘हसत हसत फुटलं.’

म्हणजे नाटकात एक मृत्यू तुमच्या दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि तोही रंगमंचावर दाखवलेला नाही, नुसता सांगितलाय.

‘तडा’ हा शब्द बघा. दुसऱ्या अंकात मुली बापाचे शंभर स्वार कमी करत आणतात. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस. मग गॉनरिल विचारते, पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला? रीगन म्हणते, एक तरी कशाला? बाजारात भाव पाडावा तसा प्रेमाचा भाव पडत जातो. (आणि त्यानेच तर पहिल्या प्रवेशात प्रेमाचा लिलाव मांडला होता.) तेव्हा लिअर म्हणतो, मी रडणार नाही, रडण्याआधी या काळजाचे लाख तुकडे होतील. तिथे मूळ शब्द जो आहे तोच ग्लॉस्टरच्या तडा गेलेल्या काळजाला वापरलाय. एकाने धमकी दिली, दुसऱ्याचं खरंच झालं.

विंगेतला

हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं आहे. ‘लिअर’ एकदाच केलं, तेही कापून कापून दोन तासांचं. त्यात मी ग्लॉस्टर.

निराशेवर बोलताय तर डोव्हरचा कडा सोडू नका. डोळे गेलेला ग्लॉस्टर जीव द्यायला निघालाय. वाटाड्याला म्हणतो, मला कड्याच्या टोकावर ने. वाटाड्या म्हणजे एडगरच. तो त्याला सपाट जमिनीवर उभं करतो आणि खोटंच वर्णन करतो: खाली कावळे भुंग्याएवढे दिसतायत, किनाऱ्यावरचे कोळी उंदरांएवढे. ग्लॉस्टर देवांचा निरोप घेतो आणि उडी मारतो. पडतो तिथेच, तोंडावर.

तालमीत पहिले पंधरा दिवस हा प्रवेश झाला की सगळे हसायचे. मीसुद्धा. सपाट फळ्यांवर पोटावर पडणारा माणूस हा विनोदच आहे. दिग्दर्शक म्हणाला, हसू दे, हसू थांबवू नका, पण तू खरंच मर. पहिल्या प्रयोगाला मी पडलो तेव्हा लोक हसले आणि मग एकदम गप्प झाले. ती शांतता मला आजपर्यंत दुसऱ्या कुठल्या भूमिकेत मिळाली नाही.

एडगर बाजूला प्रेक्षकांना सांगतो की मी बाबांच्या निराशेशी हा खेळ खेळतोय तो ती बरी करायला. आणि होते बरी. ग्लॉस्टर ठरवतो की दुःख स्वतःच ‘पुरे, पुरे’ म्हणून मरेपर्यंत सोसायचं. थापेवर उभा राहिलेला निश्चय! मला ते फार आवडतं.

निमूट

पण किती वेळ टिकतो तो निश्चय? थोड्याच वेळात वेडा लिअर समोर येतो, मग फौज हरल्याची बातमी येते, आणि ग्लॉस्टर पुन्हा तेच: माणूस इथेच कुजला तरी चालेल.

या नाटकाची खोड मला ही वाटते. कुणी काही दिलासा देणारं बोललं रे बोललं, की पुढच्या क्षणी त्याच्या कानफटात बसते. एडगर म्हणतो, मी तळाला पोचलोय, आता वाईट काय व्हायचंय, झालं तर बरंच होईल. वाक्य संपतंय तोवर डोळे काढलेला बाप समोरून येतो. मग तो म्हणतो, ‘हे सगळ्यांत वाईट’ असं जोवर म्हणता येतंय तोवर ते सगळ्यांत वाईट नसतं.

शेवटी अल्बनी, गॉनरिलचा नवरा. कॉर्डेलियाला मारायचा हुकूम सुटलाय हे कळल्यावर म्हणतो, देव तिचं रक्षण करोत! पुढचीच रंगसूचना: लिअर येतो, हातांत कॉर्डेलिया. इतकं करूनही अल्बनी सुधरत नाही. पुन्हा न्यायनिवाडा करायला लागतो: मित्रांना चांगुलपणाचं फळ मिळेल, शत्रूंना करणीचा प्याला प्यावा लागेल... आणि मध्येच थांबतो, ‘बघा, बघा!’ लिअरचं शेवटचं भाषण तिथून सुरू होतं.

मी देवभोळा माणूस आहे, म्हणून हे जास्त लागतं.

शेवटची_रांग

निमूट, +१. आणि त्यात भर अशी की कॉर्डेलिया वाचली असती. एडमंड मरता मरता सुधारतो, हुकूम मागे घेतो, माणूस धावतो. पण त्याआधी सगळे सरदार दोन बहिणींची प्रेतं आणि द्वंद्वयुद्ध यांत इतके गुंतलेत की राजा कुठे आहे हे विचारायचंच राहून जातं. केंट येऊन विचारतो तेव्हा अल्बनीला आठवतं, ‘अरे, केवढी मोठी गोष्ट विसरलो आपण!’ दैव वगैरे काही नाही. विसरले. मला याचा राग येतो, खराखुरा राग.

पाटीपेन्सिल

राग येणारे तुम्ही एकटे नाही. नेहम टेट नावाच्या कवीने १६८१मध्ये शेवट सरळ बदलूनच टाकला होता. कॉर्डेलिया जगते, एडगरशी तिचं जुळतं, लिअरला राज्य परत मिळतं. लिअरसोबत फिरणारा विदूषक तर पूर्ण गायब. लोकांना हे इतकं रुचलं की पुढे दीडशे वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर ‘लिअर’ म्हणून हेच चाललं. एडमंड कीन या नटाने १८२३मध्ये दुःखद शेवट परत आणून पाहिला, पण विदूषक परतला तो थेट १८३८मध्ये, मॅक्रेडीच्या प्रयोगात.

आणि टेटला हसू नका. डॉ. जॉन्सनसारख्या बड्या समीक्षकाने लिहून ठेवलंय की कॉर्डेलियाच्या मरणाचा त्याला इतका धक्का बसला होता की नाटकाचं संपादन करायची वेळ येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही. ज्या जुन्या अनामिक नाटकावरून शेक्सपिअरने हे घेतलं (१६०५मध्ये छापलेलं ‘लिअर’) त्यातही म्हातारा पुन्हा गादीवर बसतो, मुलगी जिवंत राहते. त्यामुळे पहिल्या प्रयोगांना आलेल्या काही लोकांना तरी वाटत असणार, आता ती उठेल. पीस हललं म्हटल्यावर तर नक्कीच.

विंगेतला

हे शेवटचं वाक्य फार भारी. जुना शेवट माहीत असलेल्या प्रेक्षकालाच शेक्सपिअरने फसवलं.

कुंपणावर

मी टॉलस्टॉयच्या बाजूने! १९०६मध्ये छापून आलेल्या लेखात त्याने म्हटलं की ते जुनं अनामिक नाटकच जास्त बरं, शेक्सपिअरने उगाच अतर्क्य करून ठेवलं. पहिलाच प्रवेश घ्या. जन्मभर ओळखत असलेल्या मुलींना कुणी असं विचारतं का? नुसता भावनांचा मारा आहे सगळा.

(‘नटसम्राट’ कुणी काढण्याआधी मीच सांगतो, तो वेगळा धागा काढा. बेलवलकर एकदा शिरले की बाकी कुणाला जागा उरत नाही.)

तिसरी_घंटा

कुंपणावर, कंसातल्या मजकुराला जोरदार अनुमोदन.

टॉलस्टॉयचं मात्र पुढचं ऐका. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४७मध्ये त्याच लेखाला उत्तर लिहिलं आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. टॉलस्टॉयला हेच नाटक का खुपलं? कारण त्याचीच गोष्ट होती. मालमत्ता सोडायची, पण सोडून सुख मिळेल अशी अपेक्षा ठेवायची. १९१०मध्ये ब्याऐंशी वर्षांचा टॉलस्टॉय रात्री घर सोडून निघाला, धाकटी मुलगी मागाहून त्याला येऊन मिळाली, आणि अस्तापोवो नावाच्या आडगावच्या स्टेशनात, स्टेशनमास्तरच्या घरी तो गेला. लेख छापून चार वर्षं झाली होती. अतर्क्य म्हणालात ना?

कुंपणावर

बरं. हा मुद्दा तुमचा. पहिला प्रवेश तरीही पटत नाही.

निमूट

इथे एक घरचं लिहितो, फार बोलणार नाही. वडील शेवटची तीन वर्षं हळूहळू सगळं विसरत गेले. मी त्यांना कोण वाटायचो ते रोज बदलायचं. त्या काळात मी विंदांचं ‘लिअर’चं भाषांतर वाचत होतो. योगायोग, दुसरं काही नाही.

शेवटी लिअर म्हणतो, ‘एवढं बटण सोडा हो. आभारी आहे.’ पाचदा ‘कधीच नाही’ म्हटल्यावर लगेच हे. मोठमोठ्या वाक्यांनी मला काही झालं नाही, या वाक्यावर पुस्तक मिटलं. वडिलांचे हात थरथरायचे, बटण जमायचं नाही. मी लावून दिलं की दर वेळी ‘थँक यू’ म्हणायचे. अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

पाटीपेन्सिल

निमूट दादा, काय बोलू. लिहिलंत ते बरं केलंत.

शेवटची_रांग

_/\_

तिसरी_घंटा

निमूट, मीही आज दुपारपासून तिथेच अडकलोय. वादळात हाच माणूस अंगावरचे कपडे फाडत ‘सोडा ही बटणं’ म्हणून ओरडतो. तेव्हा तो हुकूम होता. शेवटी विनंती आहे आणि वर आभार. अख्ख्या नाटकात त्याला एवढंच शिकता आलं असं म्हणणार होतो, पण नको, अल्बनी होईल माझा.

आणि क्वार्टो-फोलिओच्या भांडणात ही ओळ दोन्हीकडे आहे. फक्त तिच्यानंतर तो काय म्हणतो ते बदलतं.

विंगेतला

यावर एक तालमीतली गोष्ट आहे. बटण कुणाचं, हे संहितेत नाहीच. बहुतेक नट स्वतःच्या गळ्याशी हात नेतात, घुसमटल्यासारखा. पण ते कॉर्डेलियाचंही असू शकतं, तिला श्वास घेता यावा म्हणून. आणि सोडतो कोण, तेही लिहिलेलं नाही.

आम्ही ठरवलं होतं की एडगर पुढे होईल. तो तरणा, तो पुढचा राजा, चित्र चांगलं दिसतं. शेवटच्या रंगीत तालमीला एडगरवाला पोरगा रडायला लागला आणि जागचा हललाच नाही. केंट करणारे आमचे गृहस्थ सत्तरीचे, गुडघ्यांचं दुखणं. बाजूला ठरलेल्या जागी उभे होते. ते आपणहून आले, खाली बसायला बराच वेळ लागला त्यांना, आणि त्यांनी बटण सोडलं. ‘आभारी आहे’ म्हणताना लिअरने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो मुलीकडेच बघत होता.

मग त्या गृहस्थांनी तिथेच बसल्या बसल्या, इतक्या हळू की मला विंगेत जेमतेम ऐकू आलं, त्यांची ओळ घेतली. दिग्दर्शकाने प्रयोगातही तसंच ठेवलं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची नाही ती ओळ. तक्रारी आल्या होत्या.

शेवटची_रांग

माझी तक्रार मागे घेतो :)